जागेवरची शर्यत : आभासी सायकलिंगची वाटचाल

अचलपूर-परतवाड्याच्या सायकलवाल्याला चढाव शोधायला दूर जावं लागत नाही. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटरवर, चिखलदरा १११८ मीटरवर, आणि मधे मेळघाटाचा घाटरस्ता. पावसाळा ओसरल्यापासून होळीपर्यंत या रस्त्यासारखा गुरू नाही. पण वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकतो, डांबरातून वाफा निघतात आणि सकाळी नऊनंतर सायकल बाहेर काढणं हा निव्वळ अविचार ठरतो. आषाढ-श्रावणात घाटात धुकं इतकं दाटतं की वळणापलीकडची एसटी हॉर्न वाजल्यावरच कळते. नोकरी-धंदा सांभाळून रात्री सराव करावा म्हटलं तर अंधारातला घाट आणि उसाच्या, कापसाच्या गाड्या.

ऋतूंशी संबंध नसलेली एक उणीव आणखी आहे. शर्यतीला तयार व्हायचं तर आपल्या तोडीची, खरं तर आपल्याहून थोडी सरस माणसं सोबत लागतात. पुण्यात, नाशकात, नागपुरात भल्या पहाटे गट निघतात. मागे पडलं की दम लागतो, आणि दम लागला की सुधारणा होते. लहान गावात दोघं-चौघं सायकलवाले असतात आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत.

या दोन्ही अडचणींवर गेल्या दहा-बारा वर्षांत जगात एक व्यवस्था उभी राहिली. सायकल खोलीत एका यंत्रावर बसवायची, यंत्र इंटरनेटला जोडायचं, आणि पडद्यावरच्या रस्त्यावर हजारो मैल दूरच्या माणसांबरोबर शर्यत करायची. या व्यवस्थेला एक इमारत नाही, एक संस्थापक नाही. तरी तिला मी संस्थाच म्हणतो, कारण तिचे नियम आहेत, पंच आहेत, विजेतेपदं आहेत, शिक्षा आहेत. या वाटचालीत यंत्रं झपाट्याने सुधारली. विश्वास मात्र एकेका वादातून कमवावा लागला. म्हणून वादांपाशी मी जरा जास्त थांबणार आहे.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. घरात सायकल चालवण्याची युक्ती जुनीच. तीन रुळांवर सायकल ठेवून तोल सांभाळत पायडल मारायचे, याला रोलर म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये नाट्यगृहांच्या रंगमंचावर रोलरच्या शर्यती होत आणि मोठ्या तबकडीवरचे काटे पाहून लोक ओरडत. म्हणजे जागेवरची शर्यत पाहायला येणारा प्रेक्षक तेव्हाही होता. नव्हतं ते मोजमाप. पाय किती वेगाने फिरतात हे कळे, किती जोराने फिरतात हे कळत नसे. जर्मनीच्या उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये एसआरएम हा पॉवरमीटर काढला आणि पायांचा जोर वॅटमध्ये मोजता येऊ लागला. त्याच दशकात अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या रेसरमेट कंपनीने ‘कॉम्प्यूट्रेनर’ आणला. तो निन्टेन्डोच्या खेळयंत्राला जोडून दूरदर्शन संचावर शर्यत लावता येई. कल्पना तिथेच पूर्ण होती. पण ते यंत्र महाग आणि एकेकटं होतं. दुसऱ्या गावातल्या माणसाशी गाठ घालून देणारं जाळं अजून यायचं होतं.

२०१२ मध्ये वाहू कंपनीचा ‘किकर’ आला आणि आज ज्याला स्मार्ट ट्रेनर म्हणतात त्याचं रूप ठरलं. सायकलचं मागचं चाक काढून ठेवायचं आणि चेन थेट यंत्रावरच्या दातेरी चकत्यांवर चढवायची. आत एक जड फिरतं चाक आणि त्याला आवळणारा विद्युतचुंबकीय ब्रेक. पडद्यावर आठ टक्क्यांचा चढ आला की संगणक ट्रेनरला तसा निरोप देतो, चुंबकाची पकड वाढते आणि पाय जड होतात. उतार आला की पकड सुटते. दर क्षणी तुमचे वॅट उलट संगणकाकडे जातात. चांगल्या यंत्राची चूक दीड-दोन टक्क्यांत राहते. टायर रुळावर घासणारे स्वस्त ट्रेनर मात्र टायरमधल्या हवेप्रमाणे आणि उष्णतेप्रमाणे आकडा बदलतात. प्रत्येक वेळी ते जुळवून घ्यावे लागतात आणि घाईत माणूस तेच टाळतो. दोन टक्के म्हणजे ३०० वॅटला सहा वॅट. घाटाच्या शर्यतीत सहा वॅटवर निकाल फिरतो.

झ्विफ्ट ही या क्षेत्रातली पहिली मोठी कंपनी. कॅलिफोर्नियातले जॉन मेफिल्ड हे संगणक-अभियंता घरच्या ट्रेनरसाठी हौसेने त्रिमितीय रस्ता तयार करत होते. न्यूयॉर्क-लंडनात वित्तक्षेत्रात राहिलेले, मूळचे सायकलपटू असलेले एरिक मिन यांना त्यांचं काम दिसलं. दोघं आणि आणखी काही भागीदार मिळून २०१४ मध्ये कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी चाचणीसाठी दार उघडलं आणि २०१५ च्या अखेरीस महिना दहा डॉलर वर्गणी सुरू झाली. हळूहळू तिथे ‘वॉटोपिया’ नावाचं काल्पनिक बेट आलं, लंडनचे रस्ते आले, आणि फ्रान्सच्या आल्प द्युएझची २१ वळणं जशीच्या तशी उभी राहिली : १२ किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त चढ. चिखलदऱ्याच्या घाटात आपण चढतो त्याहून तो चढ उंच, आणि अंतर कितीतरी कमी.

झ्विफ्टवर सायकलजगताने प्रथम गांभीर्याने पाहिलं ते २०१६ मध्ये. ऑस्ट्रेलियाचे मॅथ्यू हेमन फेब्रुवारीअखेर एका शर्यतीत पडले आणि त्यांचा हात मोडला. रस्त्यावर जाणं शक्य नव्हतं. हात प्लास्टरमध्ये ठेवून त्यांनी गॅरेजमध्ये ट्रेनरवर पाच आठवडे काढले. १० एप्रिलला ते पॅरिस-रुबेच्या प्रारंभरेषेवर उभे राहिले. दगडी फरशांच्या रस्त्यांमुळे जी शर्यत सायकलपटूंचे हात खिळखिळे करते, तीच ही. ३७ वर्षांच्या हेमन यांनी टॉम बूनेनसारख्या चार वेळच्या विजेत्याला अंतिम रेषेवर मागे टाकलं. खोलीतल्या सायकलीने शरीर कमावता येतं का, हा वाद माझ्या लेखी त्या दिवशी संपला.

त्याच वर्षी झ्विफ्टने एक नवी वाट उघडली. घरच्या ट्रेनरवर परीक्षा द्या, आकडे आम्ही तपासू, आणि सर्वोत्तम ठरणाऱ्याला व्यावसायिक संघात जागा. पहिली निवड झाली ती अमेरिकेच्या लिया थॉर्विलसन यांची, ज्या मुळात मॅरेथॉन धावपटू होत्या. २०२० मध्ये याच वाटेने ऑस्ट्रेलियाचे जे व्हाइन आले आणि २०२२ च्या स्पेनच्या वुएल्तात त्यांनी डोंगरातले दोन टप्पे जिंकले. ज्या गावात प्रशिक्षक नाही, निवड समिती येत नाही, तिथल्या पोरापोरींसाठी या वाटेचं मोल किती मोठं आहे, हे अचलपुरात बसून जास्त स्पष्ट दिसतं. आजवर मोठ्या संघाच्या नजरेत यायला मोठ्या शहरात जाऊन राहावं लागे.

पण घरातून आलेला आकडा खरा कशावरून?

हा प्रश्न या संस्थेच्या मुळाशी आहे. पडद्यावरचा वेग काढण्याचं गणित असं : वॅट, तुमचं वजन, उंची, रस्त्याचा चढ आणि पुढच्या सायकलीच्या आडोशाला तुम्ही आहात की नाही. यातलं वजन तुम्हीच भरायचं. ७५ किलोचा माणूस २५० वॅट देत असेल तर किलोमागे ३.३ वॅट होतात. त्यानेच ६५ किलो लिहिलं तर ३.८. जुन्या वर्गवारीत ३.२ ते ४ हा ‘ब’ वर्ग. म्हणजे दहा किलो खोटे लिहिले की वर्गाच्या तळाचा माणूस पाय न वाढवता वरच्या टोकाशी. उलट, मुद्दाम खालच्या वर्गात नाव घालून रोज जिंकणारेही निघाले. हा चावटपणा नव्या माणसाचा हुरूप मारतो. पहिल्या शर्यतीत तो जीव तोडून चालवतो आणि पहिल्या दोन मिनिटांत सगळे पुढे निघून जातात.

संस्थेने यावर हळूहळू बंधनं आणली. मोठ्या शर्यतीत कॅमेऱ्यासमोर वजन करून चित्रफीत पाठवायची. ट्रेनरचे वॅट आणि पायडलवरच्या वेगळ्या मीटरचे वॅट दोन्ही नोंदवून ताडून पाहायचे. तुमच्या मागच्या कामगिरीवरून यंत्रणाच वर्ग ठरवणार आणि त्याच्या खाली उतरू देणार नाही. यातला शेवटचा नियम यायला बरीच वर्षं लागली. तो आधी यायला हवा होता.

खरा भूकंप झाला २०१९ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये ब्रिटिश सायकलिंग या राष्ट्रीय संघटनेने पहिली राष्ट्रीय ई-शर्यत घेतली. स्पर्धक लंडनच्या एका स्टुडिओत एकत्र, सगळ्यांसमोर पायडल मारत होते, म्हणजे पाय खरे होते. ऑक्टोबरमध्ये पुरुष विजेत्याचं पद काढून घेतलं गेलं. झ्विफ्टच्या दुनियेत ५० हजार मीटर चढाई पूर्ण करणाऱ्याला एक वेगवान आभासी सायकल मिळते. ती चढाई त्याने स्वतः केली नव्हती, संगणकाच्या कार्यक्रमाकडून करवून घेतली होती. सहा महिन्यांची बंदी आणि २५० पौंड दंड झाला. काहींना ही शिक्षा जास्त वाटली, कारण शर्यतीच्या दिवशीचा घाम त्याचाच होता. मला ती रास्त वाटते. आभासी दुनियेत सायकल हीसुद्धा कमाईची वस्तू आहे. ती फुकट मिळवली तर ज्याने महिनोन्‌महिने चढून मिळवली त्याच्या पायांची किंमत शून्य होते. या निकालानंतर ‘हा तर खेळ’ म्हणून हात झटकणं कोणालाच शक्य राहिलं नाही.

मग २०२० आलं. मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे दारं बंद झाली आणि ही संस्था रातोरात जगाची सायकल बनली. जुलैमध्ये टूर द फ्रान्सची आभासी आवृत्ती झाली. तिच्यात पुरुषांना आणि स्त्रियांना सारखेच टप्पे होते. खऱ्या टूरमध्ये तेव्हा स्त्रियांसाठी अनेक टप्प्यांची शर्यत नव्हती. ती मिळायला २०२२ उजाडलं. ९ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, पहिली ई-विश्वविजेतेपद स्पर्धा घेतली. सुमारे ५० किलोमीटर, स्त्री-पुरुषांना एकच अंतर आणि एकच बक्षीस. स्त्रियांत दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅशली मूलमन-पासिओ जिंकल्या, पुरुषांत जर्मनीचे जेसन ऑस्बॉर्न. हे ऑस्बॉर्न नौकानयनपटू. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी वल्ही मारून रौप्यपदक मिळवलं आणि नंतर व्यावसायिक सायकल संघात गेले.

आपल्याकडचा धागाही २०२० मधलाच, पण वेगळ्या शर्यतीतून येतो. रेस अक्रॉस अमेरिका, सायकलवाल्यांच्या बोलीत ‘राम’, ही १९८२ मध्ये चार स्वारांनिशी सुरू झालेली शर्यत अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाते. अंतर ४८०० किलोमीटरच्या घरात, आणि एकट्या स्वाराला मुदत बारा दिवसांची. या शर्यतीशी महाराष्ट्राचं नातं घट्ट आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण करणारे पहिले दोन भारतीय म्हणजे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ.

लेफ्टनंट कर्नल भारत पन्नू यांना २०१९ मध्ये हीच शर्यत करायची होती. अमेरिकेत पोहोचल्यावर, शर्यतीच्या तोंडावर सरावात ते पडले आणि गळपट्टीचं हाड मोडलं. २०२० ची शर्यत साथीमुळे रद्द झाली. तिच्या जागी आयोजकांनी आभासी ‘राम’ ठेवली, आणि पन्नू यांनी भारतात, बंद दाराआड, जागेवर बारा दिवसांत ४००० किलोमीटरहून जास्त अंतर तोडलं.

या कामगिरीकडे ‘घरातच तर चालवली’ म्हणून पाहणाऱ्याने तीन तास तरी ट्रेनरवर बसून पाहावं. रस्त्यावर सायकल डुलते, वळणात माणूस कलतो, उतारावर खोगिरावरून उठतो. शरीराचा भार क्षणाक्षणाला जागा बदलतो. ट्रेनरवर सायकल जखडलेली असते, त्यामुळे तोच भार त्याच चार इंचांवर राहतो. वाऱ्याची झुळूक नाही, चहाची टपरी नाही, पुढच्या गावाची पाटी नाही. झोपेशी मात्र भांडण तेच. अशा बारा दिवसांना मी रस्त्यावरच्या बारा दिवसांइतकाच मान देतो.

साथ ओसरली आणि झ्विफ्टची भरतीही ओसरली. २०२० मध्ये ४५ कोटी डॉलरची गुंतवणूक आली होती. स्वतःची स्मार्ट सायकल काढण्याचा बेत २०२२ मध्ये सोडावा लागला, आणि नोकरकपात एकदा नव्हे, पुन्हापुन्हा झाली. शर्यती मात्र चालू राहिल्या. २०२२ चं ई-विश्वविजेतेपद जे व्हाइन आणि नेदरलँड्सच्या लूस अदेगेस्ट यांनी मिळवलं. अदेगेस्ट यांनी ते पुढच्या वर्षीही राखलं. त्यानंतर महासंघाने यजमानच बदलला. २०२४ ची स्पर्धा अबुधाबीच्या ‘मायवूश’वर झाली आणि अंतिम फेरीसाठी स्पर्धकांना एका छताखाली आणलं गेलं. स्त्रियांत न्यूझीलंडच्या मेरी केट मॅकार्थी आणि पुरुषांत पुन्हा ऑस्बॉर्न जिंकले. घरातून आलेल्या आकड्यावरचा सगळा संशय एका सभागृहात सगळ्यांना बसवून मिटवला, हा मला या वाटचालीतला सर्वांत समंजस निर्णय वाटतो.

मायवूशला वर्गणी लागत नाही. झ्विफ्टची वर्गणी अमेरिकेत आता महिना २० डॉलरवर गेली आहे. आपल्याकडच्या पोराला हा फरक फार मोठा. ट्रेनर घेतानाच पन्नास हजार आणि त्यापुढे मोजावे लागतात. दर महिन्याचा भार नसला तरच तो टिकतो.

वऱ्हाडात ट्रेनर लावायचा तर आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात, आणि त्या परदेशी पुस्तिकांत सापडत नाहीत. माणसाचं शरीर जाळलेल्या ऊर्जेतला साधारण पाव हिस्साच पायडलला देतं. म्हणजे २०० वॅट देताना सहाशेच्या आसपास वॅट उष्णता अंगातून बाहेर पडायला हवी. रस्त्यावर ती वारा नेतो, खोलीत कोणी नेत नाही. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत आपला पत्र्याचा कूलर हे काम झकास करतो. पण मृग बरसल्यावर तोच कूलर हवेत ओल वाढवतो, घाम सुकत नाही आणि नाडी विनाकारण दहा-पंधरा ठोके वर चढते. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा, खिडक्या सताड उघड्या. अशा दिवसांत वॅटचं लक्ष्य उतरवावं, त्यात कमीपणा नाही. लाईन जाते त्याची तजवीज हवी : राउटर इन्व्हर्टरवर टाकावा. टॅक्सच्या निओसारखे काही ट्रेनर आपल्याच पायांच्या जोरावर वीज तयार करून चालतात, भिंतीतली वीज गेली तरी शर्यत सुटत नाही. आणि वेळेचं गणित : युरोपातल्या संध्याकाळी सातच्या शर्यतीला आपल्याकडे थंडीत रात्रीचे साडेअकरा वाजतात. म्हणून जपान-ऑस्ट्रेलियाच्या सोयीने लागणाऱ्या शर्यती धराव्यात.

हे सगळं एकट्याने करणं महाग पडतं आणि कंटाळवाणंही होतं. इथे आपल्या मातीतली एक जुनी व्यवस्था आठवते. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलं. १९३६ मध्ये त्याचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मल्लखांब, लेझीम, कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. तालमीतही माणूस चार भिंतींत, एका हौद्यात, जागच्या जागीच घाम गाळतो. पण वस्ताद समोर असतो आणि जोडीदार अंगावर येतो. स्मार्ट ट्रेनरने जोडीदार दिला, तोही जगभरातून निवडून. वस्ताद आणि हौदा मात्र आपणच उभा करायचा आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. अमरावती, अकोला, अचलपूर यांपैकी एका तरी व्यायामशाळेने किंवा महाविद्यालयाने एक खोली द्यावी. एकाच बनावटीचे, चेन थेट यंत्रावर चढवायचे चार डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर, म्हणजे आकड्यांवरून भांडण नको. दारापाशी वजनकाटा, शर्यतीआधी सगळ्यांसमोर वजन. मोठे पंखे, एक पडदा, इन्व्हर्टर. सायकल ज्याने त्याने आपली आणायची, आणि जिच्याकडे नाही तिच्यासाठी दोन सायकली तिथेच असाव्यात, कारण संध्याकाळनंतर रस्त्यावर सराव करणं मुलींना सर्वांत अवघड जातं. दर तीन महिन्यांनी वीस मिनिटांची चाचणी, तिच्या सरासरी वॅटच्या ९५ टक्के हा पुढच्या सरावाचा पाया, आणि तो आकडा भिंतीवरच्या फळ्यावर नावासह. पावसाळाभर खोलीत, आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी हीच सगळी पोरं परतवाड्याच्या नाक्यावरून चिखलदऱ्याकडे.

खर्च एका बऱ्या मोटारगाडीपेक्षा कमी येतो. जागा शोधायला मी तयार आहे, आणि ट्रेनर जुळवून द्यायलाही.